पितळ आत ठेवा

लिंबाजी मिस्त्री कुणाच्या घराकडे वळले की त्या घरातलं पितळ आत जायचं.

हे आम्हाला लातुरात आल्या आल्याच कळलं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कलेक्टर कचेरीला माणसं हवी होती, म्हणून पप्पांची नांदेडहून बदली झाली. ट्रकमधून उतरवलेलं सामान अजून ओसरीवरच पडलं होतं. समोरच्या पत्र्याच्या शेडमधून एक उंच, वाळका माणूस हात पुसत आमच्याकडे यायला निघाला. त्याने रस्ता ओलांडायच्या आत शेजारच्या शेवंताकाकू मागच्या दाराने घाईघाईने आत आल्या. आमची त्यांची ओळखही झाली नव्हती.

"वहिनी, आधी तो तांब्या आत ठेवा," त्या आईला म्हणाल्या. "मिस्त्री येऊन राहिला."

आईच्या हातात पितळी तांब्या होता. येणाऱ्या माणसाला पाणी द्यायलाच तिने तो भरला होता. ती जागीच थांबली. पप्पांचा चेहरा मात्र बदलला. माणूस दारात आला की भांडं आत जातं, याचा आमच्या घरात एकच अर्थ होता आणि तो आजोबांच्या वेळेपासून सगळ्यांना पाठ होता. पप्पा आवाज न चढवता म्हणाले, "आमच्या घरी कुणाहीसाठी भरलेला तांब्या आत जात नाही, बाई."

शेवंताकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं माय! तसलं न्हाई वो साहेब. तेच्या हातचं आमी खातो, पितो. पर ते पितळ दिसलं की वितळवतंय!"

तोवर मिस्त्री दारात उभे होते. पप्पांनी स्वतः तांब्या त्यांच्या हातात दिला. मिस्त्री तोंड न लावता पाणी प्यायले, त्यांनी उरलेले थेंब झटकले, तांब्या उपडा करून कानाजवळ नेला आणि त्याच्या पोटावर नखाने टिचकी मारली. डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवून "न्हाई" एवढंच म्हणाले आणि तांब्या परत दिला. आईने तो दोन्ही हातांनी घेतला आणि पुढची दोन वर्षं ती तो धान्याच्या डब्यामागे ठेवत असे.

मिस्त्री सायकली दुरुस्त करत नसत. कुणी हवा भरायला आलं तर ते कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट दाखवत. "हवा भरणारे लई हायती. सांगाडा करणारा येकच." सांगाडा म्हणजे सायकलची फ्रेम. लोखंडी नळ्या कापायच्या, कानशीने घासायच्या, एकमेकींत बसवायच्या आणि हातातल्या बत्तीच्या ज्योतीने पितळ वितळवून सांधे झाळायचे, हे त्यांचं काम. चाकं, चेन, घंटी वगैरे गोष्टींना ते दागिने म्हणत. "दागिने कोन बी घालतंय. हाडं सरळ पायजेत."

हे काम ते लहानपणी नांदेडला एका उस्तादांकडे शिकले होते. आम्ही नांदेडचे म्हटल्यावर त्यांनी आम्हाला उस्तादांच्या माहेरचेच धरलं. उस्तादांकडून त्यांना हुनर मिळालं, तसे बरेच शब्दही मिळाले. सांध्यात इमान पाहिजे, नळीला गुरूर नको, असं ते म्हणत. सगळ्यात आवडता शब्द तजुर्बा, म्हणजे अनुभव. एखादी गोष्ट फसली आणि कुणी ती बोलून दाखवली की मिस्त्री कानस खाली ठेवून सांगत, "गलती न्हाई. तजुर्बा हाय."

बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. त्यांची नजर तुमच्या पायांवर असे, नाहीतर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर. त्यांच्या मते माणूस एवढाच असतो. बाकीचं सगळं सीटवर ठेवायचं ओझं. त्यामुळे गावातली निम्मी माणसं त्यांना चेहऱ्याने ओळखू येत नसत, पण पाठमोरी लांबून ओळखू येत. एकदा पप्पांचे साहेब घरी येऊन गेले तेव्हा आम्ही कुणीच नव्हतो. मिस्त्रींनी निरोप दिला, "साहेब, तुमच्याकडं बावीस इंची दांडी येऊन गेली. डावा खांदा पडका." पप्पांनी दुसऱ्या दिवशी कचेरीत हळूच सगळ्यांचे खांदे बघितले आणि बरोबर माणसाजवळ जाऊन "काल आला होतात म्हणे" असं विचारलं.

शेवंताकाकूंच्या पुतणीला स्थळ आलं तेव्हा मिस्त्रींना मोठेपणाने बोलावलं होतं. पोहे खाऊन झाल्यावर नवऱ्यामुलाच्या वडिलांनी विचारलं, "मिस्त्री, कसा वाटला आमचा पोरगा?"

"चांगला हाय की," मिस्त्री म्हणाले. "पुढं झुकून चालतोय. हँडल दोन बोटं उचलून द्या, सरळ व्हतंय."

लग्न झालं. हुंड्यात सायकल मागू नये असं शेवंताकाकूंनी नवऱ्याकडच्यांना आधीच बजावलं होतं, तरी मिस्त्रींनी हँडल उचललेली एक सायकल आहेरात दिलीच. मुलगा सरळ झाला असं काकू अजूनही सांगतात.

मला त्यांची ही नजर सोयीची होती. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हणून गल्लीत सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, आता त्यातून काही तरी बाहेर पडणार असं. बायका म्हणायच्या, "येक दोन वाक्यं इंग्लिशमदी बोल की ग." मिस्त्रींना माझं तोंड दिसतच नव्हतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला शेडच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, हात पुढे करायला लावला, खडूने चौकटीवर दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "ताई, तुमची फ्रेम डोक्यात तयार हाय. मागताल तवा." त्यानंतर अभ्यासाचं पुस्तक घेऊन मी शेडच्या पायरीवर बसले तरी त्यांनी कधी का म्हणून विचारलं नाही. मी ऐकत असे. ते बोलत असत.

बोलणं नेहमी एकाच वाक्याने सुरू व्हायचं. "गेलं ते गेलं, पुढलं बगा." आणि मग तासभर गेलेल्याच सायकली निघायच्या.

नायगावचे एक मास्तर होते. एसटीने यायचे आणि फाट्यावरून कच्च्या रस्त्याने शाळेला जायचे. त्यांच्यासाठी मिस्त्रींनी घडीची सायकल केली. मधोमध बिजागरी. उतरलं की दुमडायची आणि एसटीच्या टपावर टाकायची. मास्तर खूश होते. पण एकदा शाळेच्या उतारावर सायकल कुणाला न विचारता स्वतःच दुमडली आणि मास्तर बाभळीत गेले. मिस्त्री त्यांना भेटायला नायगावला गेले. आधी सायकल बघितली, मग मास्तरांना.

"मास्तर, बिजागरी बगितलाव का? जरा बी वाकली न्हाई!"

"ती कशाला वाकती," मास्तर खाटेवरून म्हणाले, "मी हाय ना वाकायला."

भोकरच्या एका हलवायाचं वजन इतकं होतं की बाजारातली सायकल त्याच्याखाली महिना काढत नसे. मिस्त्रींनी त्याला दोन दांड्यांची, जाड नळीची फ्रेम करून दिली. ती चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी पुढच्याच गल्लीच्या तोंडाला सापडली. चोर तिथपर्यंत नेऊन दमला होता. ही गोष्ट सांगताना मिस्त्रींचा आवाज भरून यायचा. "चोराला परवडली न्हाई, ताई. अशी मजबूत."

आणि देवणीचा बैलांचा व्यापारी. बाजारात चारी बाजूंनी बैल, त्यात हा बुटका. गिऱ्हाइकाला दिसतच नसे. मिस्त्रींनी त्याला इतकी उंच सायकल केली की तो बैलांच्या शिंगांवरून सगळा बाजार बघू लागला. चढायचा तो ओट्यावरून. उतरायचं कसं, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. शेवटी तो बैलाच्या पाठीवर हात टेकून, मग पाय टाकून उतरायला शिकला.

"म्हणजे बैल नसला तर उतरता येत नाही?" मी विचारलं होतं.

"देवणीत बैलाला काय तोटा हाय, ताई?"

मी हसले की ते गंभीर होत. कारण या सगळ्या गोष्टींच्या शेवटी त्यांना एकच सांगायचं असे. घडीची सायकल दुमडली, पण सांधा सुटला नाही. हलवायाची चोराने टाकली, पण सांधा सुटला नाही. "लिंबाजीचा सांधा आजवर सुटला न्हाई. आनी सुटनार बी न्हाई." आणि हे खरं होतं. शेवंताकाकूही हे नाकारत नसत, आणि त्या मिस्त्रींचं बाकी सगळं नाकारत.

पुढचे बेत शेडच्या भिंतीवर खडूने काढलेले असत. नव्या जिल्ह्याला नवी सायकल पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं. ग्रामसेवकासाठी छत असलेली. पिठाची चक्की बसवलेली, म्हणजे बाजारात जाऊन येईपर्यंत दळण होतं. शाळेत जाणाऱ्या पोरींसाठी खाली दांडी असलेली, फ्रॉक न अडकणारी. एका कोपऱ्यात मात्र एकच चित्र पुन्हा पुन्हा पुसून काढलेलं होतं. लांब, बसकी सायकल आणि तिच्या बाजूला एक गोल कडी. त्याविषयी विचारलं तर ते म्हणत, "ते हाय चालू."

शेडच्या आढ्याला एक अवाढव्य फ्रेम टांगलेली होती. तीन सीटांची. तिचं नाव 'जिल्हा'. तिची हकिकत मला शेवंताकाकूंनी सांगितली, कारण मिस्त्री ती सांगत नसत.

जिल्हा जाहीर झाला त्या आठवड्यात मिस्त्रींच्या डोक्यात आलं की मिरवणुकीत आपली एक सायकल पाहिजे. पुढे साहेब, मधे बाबू, मागे शिपाई. तिघांनी मिळून जिल्हा चालवायचा. रात्रंदिवस काम केलं. सांधे नेहमीच्या तिप्पट. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पितळी सळया संपल्या. दुकानं बंद. शिवाय बाजारच्या सळईत भेसळ असते, जुन्या भांड्याचं पितळ खरं, असं उस्ताद म्हणायचे. मिस्त्रींनी घरात नजर फिरवली. कोपऱ्यात घागर होती.

घागर त्यांच्या बायकोची, केवळाबाईंची. लग्नात आईने दिलेली, उदगीरच्या तांबटाने घडवलेली. केवळाबाई शेजारी कुणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या. परत येऊन पाण्याला निघाल्या तर कोपरा रिकामा.

"घागर कुटाय?"

मिस्त्रींनी अभिमानाने फ्रेमकडे हात केला. "ही बग. समद्या सांध्यात हाय. आता शंभर वर्षं हालत न्हाई."

केवळाबाईंनी फ्रेम खालपासून वरपर्यंत बघितली. "मग आता पानी बी तेच्यातच भरा," त्या म्हणाल्या, आणि गाठोडं बांधून देवणीला माहेरी गेल्या. जाताना शेवंताकाकूंना सांगून गेल्या, "घागर घेऊन नांदायला आल्ते. घागर आली तर येईन."

मिरवणुकीत सायकल गेलीच नाही. हँडल फक्त पुढच्या सीटला होतं. त्यामुळे कचेरीतल्या तिघांपैकी मागे बसायला कुणी तयार होईना. बाबू म्हणाले, मी साहेबांच्या मागे बसेन, पण पुढे दिसणार कसा? शिपाई म्हणाला, हँडल माझ्याकडं द्या, या दोघांना सायकल येत न्हाई. साहेब जीपने आले. 'जिल्हा' आढ्याला टांगली गेली.

"तवापासनं पितळाचं खूळ लागलंय तेला," काकू म्हणाल्या. "दिसंल ते भांडं वाजवतोय. येक गिळलं, आता दुसरं पायजे. म्हनून सांगते, पितळ आत ठेवा."

मिस्त्रींना केवळाबाईंविषयी विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. "येईल की. कुटं जाती?" इतक्या खात्रीने म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई भाजी आणायला गेल्यात.

मग पाऊस गेला. एका वर्षी मधेच गेला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. नळ कोरडे झाले, हापशातून फक्त कुरकुर यायची. गल्लीच्या तोंडाला टँकर यायचा तोही नेमाने नाही. टँकर नाही आला की रेल्वे रुळांपलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवर जायचं. आई आणि मी दोन घागरी घेऊन जायचो. येताना बोलायला दम राहत नसे.

या दुष्काळात गल्लीत एकच माणूस उत्साहात होता. मिस्त्रींनी भिंतीवरचं कोपऱ्यातलं चित्र पुसलं आणि ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, "पान्याची सायकल करतो. बायामानसांच्या डोक्यावरचं वझं खाली. गेलं ते गेलं, पुढलं बगा!"

महिनाभर ते दुसरं काही बोलले नाहीत. फ्रेम लांब, बसकी, जमिनीलगत, म्हणजे भरलेली घागर उचलून वर न्यावी लागू नये. साडी अडकू नये म्हणून चेनला पत्रा. आणि मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला घागर बसायला लोखंडी कडी. एकच का, असं आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "येक जमली की मंग चार." आईने आमची प्लास्टिकची घागर पुढे केली. "हिचं माप घ्या."

"माप हाय मला," मिस्त्री म्हणाले आणि घागरीकडे बघितलंही नाही.

हे विचित्र होतं. माणूस नुसता रस्त्याने गेला तरी त्याचं माप घेणारे मिस्त्री, पण या सायकलीसाठी त्यांनी गल्लीतल्या एकाही भांड्याला दोरी लावली नव्हती.

सायकल तयार झाली त्या दिवशी टँकर आला होता. सगळी गल्ली जमली. सायकल खरंच देखणी होती. शेवंताकाकूंनी मान आपला म्हणून आपली प्लास्टिकची घागर कडीत ठेवली. ती कडीतून सरळ खाली गेली आणि रस्त्यावर आपटली. आमची ठेवली, तीही गेली. कुणीतरी डालड्याचा डबा आणला, तो चौकोनी, आत जाईना. स्टीलचा हंडा कडीवर टोपीसारखा बसला आणि कलंडला. मग एका घरातून, बराच वेळ विचार करून, पितळी घागर बाहेर आली. मिस्त्री तिच्याजवळ आले तेव्हा घरधनीण तिचा काठ धरूनच उभी होती. तीही पोटाला मोठी निघाली. कडीत शिरलीच नाही.

हसू आधी बायकांत फुटलं, मग सगळीकडे.

"मिस्त्री, दांडी बावीसची, पर घागर कितीची?"

"टँकरलाच चाकं हायती, तेच्यात बसवा कडी!"

टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "मामा, कडी जरा ठोकून मोठी करा की. आत्ता हुतंय."

मी मिस्त्रींच्या तोंडून तजुर्बा हा शब्द यायची वाट बघत होते. तो आला नाही. ते कडीवर हात ठेवून उभे राहिले. "माप बरोबर हाय," एवढंच म्हणाले, आणि सायकल ढकलत शेडमध्ये घेऊन गेले.

त्या संध्याकाळी मी धान्याच्या डब्यामागून आईचा पितळी तांब्या काढला आणि रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर ठेवला. मी हे का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. दिवसभर हसू ऐकलेल्या माणसाला आपल्याकडचं काही तरी द्यावं असं वाटलं, आणि माझ्याकडे बोलणं नव्हतं.

मिस्त्रींनी तांब्या उचलला, कानाजवळ नेला, टिचकी मारली. ऐकलं.

"न्हाई. हा बी न्हाई. पैल्यांदा वाटलं होतं, जरा जवळचा हाय."

"कशाच्या जवळचा?"

ते माझ्या हाताकडे बघत बोलले, नेहमीसारखे. "तिची घागर वाजायची, ताई. कमरेवर घेऊन यायची ना, तवा बांगड्या लागायच्या. गल्लीच्या तोंडाला आसतानाच मला हितं कळायचं. आली. मग मी बत्ती बारीक करायचो. नवी घागर कोन बी देतंय. चार घेतल्या आसत्या. पर तशी वाजती का बगायला नगं?"

गल्लीभर लपवलेलं पितळ माझ्या डोळ्यांसमोर आलं. माणूस दोन वर्षं घरोघर एक आवाज शोधत फिरत होता आणि आम्ही सगळे आपापले तांब्ये सांभाळत बसलो होतो.

"तसं वाजणारं पितळ कुठेच नाही?" मी विचारलं.

त्यांनी कोपऱ्यातला एक लोखंडी डबा ओढला. आत पितळाचे वाकडेतिकडे गोळे होते. "निम्मी घागर ही. हिला हात न्हाई लावला. किती फ्रेमी आल्या, गेल्या. बाजारची सळई वापरली, भेसळीची, पर ही न्हाई."

"आणि निम्मी?"

आम्ही दोघांनीही वर बघितलं. आढ्याला 'जिल्हा' टांगलेली होती, तीन सीटांची, धुळीने भरलेली.

"लिंबाजीचा सांधा सुटत न्हाई, ताई," मिस्त्री म्हणाले. मग तांब्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "जा. आई वाट बगत आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीला समोरच्या शेडमधून न ऐकलेला आवाज आला. ठोकायचा नव्हे, सुटायचा. मिस्त्रींनी 'जिल्हा' खाली उतरवली होती. सांध्यावर बत्ती धरायचे, लोखंड लाल झालं, पितळ ओघळायला लागलं की हातोडीचा एक हलका ठोका, आणि नळी बाहेर. सांध्यामागून सांधा सुटत होता. खाली ठेवलेल्या लोखंडी तव्यात पिवळे थेंब पडत होते. शेवंताकाकू येऊन दारात उभ्या राहिल्या. मग पदर तोंडाला लावून परत गेल्या.

काळवंडलेले थेंब आणि डब्यातले गोळे घेऊन मिस्त्री उदगीरला गेले. तिथला तांबट, ज्याने घागर घडवली त्याचा मुलगा, म्हणाला, ही मोड राहू द्या, याच्या बदल्यात नवी कोरी घेऊन जा. मिस्त्रींनी ऐकलं नाही. हेच पितळ, हेच पोट, हाच गळा. कडीच्या मापाचा तारेचा वेढा त्यांनी खिशात नेला होता. तांबटाने वितळवली, ठोकली, कमी पडलं तिथे आपल्याकडचं घातलं, आणि हे मिस्त्रींनी मला सांगताना दोनदा सांगितलं, की घातलं ते फार थोडं.

पाण्याच्या सायकलीच्या कडीत घागर बसवून ते देवणीला गेले. घागर इतकी नेमकी बसली होती की रस्त्याच्या खड्ड्यांतही हलली नाही. परत आले तेव्हा कडी रिकामी होती.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"घेतली. आत गेली."

"आणि?"

"दार लावलं." मग, जरा वेळाने, "येईल की." पण या वेळी त्यांनी पुढे 'कुटं जाती' असं म्हटलं नाही.

त्यानंतर गल्लीतले लोक त्यांना रोज सांगत, मिस्त्री, कडी मोठी करा, आमच्या घागरी बसतील, सायकल कामाला येईल. मिस्त्री दुसऱ्यांना दुसऱ्या सायकली करून द्यायला तयार होते, दोन कड्यांच्या, चार कड्यांच्या, आणि पुढे त्यांनी तशा केल्याही. या सायकलीची कडी मात्र त्यांनी बदलली नाही. रिकामी कडी घेऊन ती सायकल शेडच्या दारात उभी असे. कुणी आपली घागर पुढे करून परत विचारलं की "माप बरोबर हाय" म्हणत.

एका दुपारी टँकर आला होता. मी ओळीत होते. माझ्यापुढे शेवंताकाकू, मागे सगळी गल्ली. शेडमध्ये मिस्त्रींची बत्ती फुरफुरत होती. ओळीतला नेहमीचा गलका चालू होता, आणि त्या गलक्यात गल्लीच्या तोंडाकडून एक बारीक आवाज आला. काच धातूला लागल्यासारखा. थांबून थांबून, चालीवर.

शेडमधली बत्ती बारीक झाली.

मग मला ती बाई दिसली. बुटकी, सावळी, कडक इस्त्री केल्यासारख्या चेहऱ्याची, एका हातात गाठोडं आणि कमरेवर रिकामी पितळी घागर. शेवंताकाकू पुटपुटल्या, "केवळा!" ओळ आपोआप बाजूला झाली. मिस्त्री पाण्याची सायकल ढकलत टँकरजवळ येऊन उभे राहिले होते. हातात हँडल होतं, पण ते काय करायचं हे विसरल्यासारखे.

केवळाबाईंनी घागरीवर नखाने टिचकी मारली. कान लावला.

"आवाज बदललाय," त्या म्हणाल्या.

"लोखंड लागलंय जरासं. सांध्यातलं हाय ना," मिस्त्री म्हणाले. "गलती न्हाई, ते..."

"तजुर्बा म्हनलाव तर हितनंच माघारी जाते."

मिस्त्रींनी तोंड मिटलं.

"गलती हाय," मिस्त्री म्हणाले.

केवळाबाईंनी मान डोलावली आणि वाकून घागर कडीत ठेवली. ती तसूभरही न हलता बसली. टँकरवाल्याने, जणू त्याला कुणी सांगून ठेवलं होतं, पाइप तिच्या तोंडाशी नेला. मिस्त्री केवळाबाईंकडे बघत होते. पायांकडे नाही, हाताकडे नाही, तोंडाकडे. ते कुणाच्या तोंडाकडे बघताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

घागर भरली. पाणी गळ्याशी आलं, काठावरून ओघळलं, फ्रेमवरून खाली उतरून रस्त्यावर पसरायला लागलं. दुष्काळात डोळ्यांदेखत पाणी वाया जात होतं, आणि रिकामी भांडी घेऊन उभ्या असलेल्या त्या सगळ्या ओळीत कुणीच ओरडलं नाही.